एनएफएल ड्राफ्टमधला ‘रुकी पूल’: नवोदितांच्या पगाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ सात फेऱ्यांत आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, आणि घरातून मला दोन प्रश्न हमखास येतात. न्यू जर्सीत वाढलेला भाचा विचारतो, “मामा, एवढ्या भारी खेळाडूला एवढेच पैसे?” आणि पुण्याचा भाऊ विचारतो, “एकवीस वर्षांच्या पोराला एवढे पैसे?” दोघांच्या प्रश्नांचं मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे नवोदितांच्या एकूण पगारावर घातलेली मर्यादा, इंग्रजीत ‘रुकी पूल’ (pool). गेली कित्येक वर्षं फोनवर जे तुकड्या-तुकड्यांत सांगत आलो, ते इथे एका जागी लिहून ठेवतोय.

रुकी पूल म्हणजे नेमकं काय?

रुकी म्हणजे लीगमध्ये पहिल्यांदा येणारा खेळाडू. एनएफएलच्या ३२ संघांना प्रत्येक वर्षी सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करता येईल याची एक मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५ साली ती संघामागे २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. या मोठ्या मर्यादेच्या पोटात नवोदितांसाठी आणखी एक छोटी मर्यादा असते. तोच पूल.

पूल म्हटलं की कुठेतरी पैशांची थैली ठेवलेली आहे आणि त्यातून वाटप होतं, असं वाटतं. तशी थैली कुठेही नसते. नवोदितांवर याहून जास्त खर्च दाखवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून ड्राफ्टमधल्या प्रत्येक क्रमांकाची किंमत ठरवतात. ज्या संघाकडे जे क्रमांक असतील, त्यांची बेरीज म्हणजे त्या संघाचा वाटा. क्रमांक दुसऱ्या संघाला दिला, तर त्याचा वाटाही क्रमांकाबरोबर जातो. त्यामुळे पहिल्या फेरीतला क्रमांक विकून टाकलेल्या संघाचा पूल लहान दिसतो.

हे आयपीएलच्या लिलावासारखंच झालं ना?

नाही, जवळपास उलटं. लिलावात खेळाडूसाठी संघ एकमेकांवर चढाओढ करतात आणि भाव वर जातो. ड्राफ्टमध्ये आदल्या मोसमातला सगळ्यात कमकुवत संघ आधी निवडतो, आणि एकदा निवड झाली की दुसऱ्या कुणाला त्या खेळाडूशी बोलताही येत नाही. बोलीच नाही, तर भाव चढणार कसा?

आयपीएलमध्येही हा प्रकार एकदा होऊन गेलाय, हे मात्र फार जणांच्या लक्षात नाही. २००८ साली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांना लिलावात न घेता ड्राफ्टनं वाटलं होतं, तेही ठरलेल्या पगारावर. विराट कोहली बंगळुरूला असाच गेला. दिल्लीनं घरच्या कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतलं होतं. त्याच ड्राफ्टमधून राजस्थानकडे गेलेल्या रवींद्र जडेजानं पुढे दुसरीकडे जास्त पैशांसाठी बोलणी केली म्हणून २०१० चा अख्खा मोसम त्याला बाहेर बसवलं. दोनच वर्षांनी, २०१२ च्या लिलावात, त्याच जडेजासाठी चेन्नईनं २० लाख डॉलर मोजले. ठरलेला पगार आणि बाजारभाव यांत किती अंतर असतं, ते पाहायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही.

पूल कधीपासून आहे?

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९३ च्या सामूहिक करारापासून. त्या करारात खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि बदल्यात मालकांना सॅलरी कॅप मिळाली. १९९४ मध्ये पहिली कॅप ३ कोटी ४६ लाख डॉलरची होती. नवोदितांचा पूल त्याच देवाणघेवाणीचा भाग.

मग २०११ च्या आधी पोरांना एवढे प्रचंड करार कसे मिळायचे?

कारण तो पूल गळका होता. तो मुख्यतः पहिल्या वर्षाचा हिशेब आवळायचा. एजंटांनी ओळखलं, की पहिल्या वर्षी आकडा लहान दाखवा आणि मोठी रक्कम पुढे ढकला. साइनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दलची रक्कम, हातात एकदम मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांत समान वाटला जातो. म्हणून करार जितका लांब, तितका पहिल्या वर्षाचा तुकडा लहान. मग दुसऱ्या वर्षी मिळणारा वेगळा बोनस, अमुक इतके सामने खेळलास तर वाढीव रक्कम, अशा खिडक्या उघडत गेल्या. २००६ च्या करारानं पहिल्या १६ क्रमांकांना जास्तीत जास्त सहा वर्षं आणि पहिल्या फेरीतल्या बाकीच्यांना पाच वर्षं अशी मर्यादा घातली, तरी आकडे फुगतच राहिले.

२००७ चा पहिला क्रमांक जमार्कस रसेल. ओकलंड रेडर्सशी त्याची घासाघीस मोसमाचा पहिला सामना होऊन गेला तरी चालू होती. शेवटी १२ सप्टेंबरला सही झाली आणि ३ कोटी डॉलरहून जास्त रकमेची हमी मिळाली, म्हणजे संघानं काढलं तरी ते पैसे त्याचेच. तीन मोसमांनंतर, मे २०१० मध्ये, संघानं त्याला सोडून दिलं. पुन्हा तो एनएफएलच्या एकाही सामन्यात दिसला नाही. पूल कशाला हवा यावर कुणीही बोलायला लागलं की आजही हेच नाव पुढे येतं.

२००८ मध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल जाहीरपणे या पद्धतीवर टीका करू लागले. मैदानावर एकही चेंडू न फेकलेल्या मुलाला दहा वर्षं खेळलेल्या दिग्गजापेक्षा जास्त मिळतं, हे लोकांनाही खटकत होतं. खेळाडूंच्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख जीन अपशॉ मात्र विरोधात होते. नवोदिताचा आकडा वर गेला की त्याच्याकडे बोट दाखवून ज्येष्ठांनाही जास्त मागता येतं, हा त्यांचा मुद्दा. मला तो आजही पटतो. अपशॉ ऑगस्ट २००८ मध्ये गेले. जुन्या पद्धतीतला शेवटचा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफर्ड, २०१०: सहा वर्षं, ७ कोटी ८० लाख डॉलर, त्यातले ५ कोटी हमीचे.

२०११ मध्ये काय बदललं?

मार्च ते जुलै २०११ मालकांनी टाळेबंदी केली. ती उठली तेव्हा नव्या करारात नवोदितांचं प्रकरण पार बदललेलं होतं. ड्राफ्ट झालेल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा, ना कमी ना जास्त. पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय, तोही संघाच्या हातात. पहिल्या वर्षाच्या पूलबरोबर चारही वर्षांच्या एकूण रकमेचा दुसरा पूल. दर वर्षीची वाढ पहिल्या वर्षाच्या आकड्याच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आणि सगळ्यात जाचक अट: तीन मोसम पूर्ण होईपर्यंत कराराला हात लावायचा नाही. संघाला खेळाडूचा पगार वाढवायचा असला, तरी वाढवता येत नाही!

एखाद्या खऱ्या कराराचा हिशेब करून दाखवाल का?

कागद-पेन घ्या. नव्या पद्धतीत सगळ्यात आधी ‘पहिला क्रमांक’ ठरलेला कॅम न्यूटन, कॅरोलायना पँथर्स, २०११.

साइनिंग बोनस १,४५,१८,५४४ डॉलर. चार वर्षांत वाटला तर वर्षाला ३६,२९,६३६. पहिल्या वर्षाचा पगार त्या वेळचा नवोदिताचा किमान, म्हणजे ३,७५,०००. दोन्हींची बेरीज ४०,०४,६३६. हा झाला पहिल्या वर्षाचा कॅप-आकडा.

आता त्याचे २५ टक्के काढा: १०,०१,१५९. दर वर्षी एवढीच भर पडते. म्हणजे दुसऱ्या वर्षी ५०,०५,७९५, तिसऱ्या वर्षी ६०,०६,९५४, चौथ्या वर्षी ७०,०८,११३. चारही वर्षं मिळवा: २,२०,२५,४९८ डॉलर. न्यूटनचा करार डॉलरपर्यंत बरोबर एवढाच होता.

मी पहिल्यांदा ही बेरीज केली तेव्हा पेन खाली ठेवून दोनदा तपासली. करोडोंचा करार, आणि आत शाळेतल्या अंकगणिताच्या पलीकडे काही नाही. पहिल्या वर्षाचा आकडा कळला की साडेपाचनं गुणायचं, चार वर्षांची एकूण रक्कम हाती येते.

आणि ब्रॅडफर्डशी ताडून बघा. एका वर्षाच्या अंतरानं, त्याच क्रमांकावर, त्याच जागी खेळणारा मुलगा. वर्षाला सरासरी १ कोटी ३० लाखांवरून ५५ लाखांवर. २०२५ चा पहिला क्रमांक कॅम वॉर्ड याचा करार ४ कोटी ८० लाखांहून जास्त आहे, पण मधल्या १४ वर्षांत कॅपही १२ कोटींवरून २८ कोटींच्या घरात गेली आहे. प्रमाण जवळपास तेच राहिलंय. एकूण रक्कम बघितली, तर वॉर्ड आजही ब्रॅडफर्डच्या मागेच आहे.

सगळं ठरलेलंच असेल, तर एजंट काय करतो?

रक्कम सोडून उरलेल्या सगळ्यावर भांडतो. किती रकमेची हमी, बोनस केव्हा हातात पडणार, आणि ‘ऑफसेट’. समजा संघानं खेळाडूला काढलं आणि त्याला दुसऱ्या संघात काम मिळालं, तर जुन्या संघानं हमीच्या रकमेतून तो नवा पगार वजा करायचा की नाही? वजा करायचा असेल तर करारात ऑफसेट आहे. २०१६ चा तिसरा क्रमांक जोई बोसा नेमका याच कलमावर आणि बोनसच्या तारखांवर ऑगस्टच्या अखेरीपर्यंत अडून बसला होता.

हमीची रेघ मात्र हळूहळू खाली सरकतेय. २०२२ मध्ये पहिल्या फेरीतले सगळे ३२ करार पूर्ण हमीचे झाले. २०२५ च्या मे महिन्यात ह्यूस्टननं ३४ व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमी दिली. त्याच्या एक क्रमांक वर असलेल्या क्लीव्हलँडच्या कार्सन श्वेसिंगरलाही ती मिळाली. झालं! दुसऱ्या फेरीतले उरलेले तीसच्या तीस जण जुलैच्या मध्यापर्यंत सहीविना थांबले. कुणालाच पहिली माघार घ्यायची नव्हती. न्यू ऑर्लिन्सच्या टायलर शफनं, क्रमांक ४०, पूर्ण हमी घेऊन सही केली तेव्हा कोंडी फुटली. हातात एवढीच एक फट असताना या मुलांनी ती एकजुटीनं रुंद केली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

संघाकडे कॅपमध्ये जागाच नसेल तर नवोदितांना कसं घेतात?

दर ड्राफ्टनंतर हा प्रश्न येतो. मोसम सुरू होईपर्यंत कॅपमध्ये सगळ्यात महागडे ५१ खेळाडूच धरले जातात. नवा खेळाडू त्या ५१ मध्ये शिरला, तर तळाचा एक जण यादीतून खाली जातो. म्हणजे भर पडते ती दोघांमधल्या फरकाची. सहाव्या-सातव्या फेरीतला मुलगा सहसा ५१ मध्ये येतच नाही, त्याच्या बोनसचा वार्षिक तुकडा तेवढा मोजला जातो. म्हणून पूलचा आकडा मोठा दिसला तरी प्रत्यक्षात लागणारी जागा बरीच कमी असते.

पाचव्या वर्षाचा पर्याय कसा चालतो?

फक्त पहिल्या फेरीसाठी. तिसरा मोसम संपल्यावर, मेच्या सुरुवातीपर्यंत संघानं सांगायचं: आणखी एक वर्ष ठेवतो किंवा नाही. २०२० च्या करारापासून हो म्हटलं की ती रक्कम पूर्ण हमीची होते. किती रक्कम, हे खेळाडू प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक उत्तम खेळाडूंत, कितीदा निवडला गेला आणि किती खेळला यावर ठरतं. नाही म्हणायचा अधिकार खेळाडूला नाही.

शेवटच्या फेरीतला मुलगा स्टार निघाला तर?

तर संघाची चांदी, आणि मुलानं थांबायचं.

ब्रॉक पर्डी, २०२२. ड्राफ्टमधली शेवटची, २६२ वी निवड. चार वर्षांचे मिळून सुमारे ३७ लाख डॉलर. पहिल्याच मोसमात संघाचे दोन क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू, जखमी झाले आणि हा मैदानात उतरला. दुसऱ्या मोसमात सॅन फ्रान्सिस्कोला त्यानं सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं, तेव्हा वर्षाचा पगार होता ८ लाख ७० हजार. इतर संघ आपल्या क्वार्टरबॅकला त्याच्या पन्नासपट देत होते. मे २०२५ मध्ये, तीन मोसमांची अट पुरी झाल्यावर, त्याला पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार मिळाला. शेवट गोड झाला, पण मधल्या काळात एखाद्या टॅकलखाली गुडघा कायमचा गेला असता, तर?

सिएटलची गोष्टही तीच. २०१२ ला तिसऱ्या फेरीत घेतलेल्या रसेल विल्सनचा २०१३ चा पगार ५,२६,२१७ डॉलर. क्वार्टरबॅकवर वाचलेले पैसे संघानं बचावफळीत घातले आणि त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ४३–८ असं धुतलं. तेव्हापासून अख्खी लीग स्वस्त तरुण क्वार्टरबॅकच्या शोधात असते.

दुसऱ्या ते सातव्या फेरीतल्यांसाठी चौथ्या वर्षी कामगिरीवर आधारित वाढ असते खरी. पण ती चौथ्या वर्षी.

सगळ्यात जास्त कोण भरडलं जातं?

रनिंग बॅक. चेंडू घेऊन थेट गर्दीत घुसणारा, प्रत्येक डावात मार खाणारा. त्याची उमेदीची वर्षं बावीस ते सव्वीस, म्हणजे नेमकी ठरलेल्या पगाराची. सेक्वॉन बार्कली २०१८ चा दुसरा क्रमांक. चार वर्षं ठरलेली, पाचवं संघाच्या पर्यायाचं, सहाव्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सनं फ्रँचायझी टॅग लावला. हा टॅग म्हणजे एका वर्षासाठी खेळाडूला संघातच अडकवून ठेवायची सोय. सहा वर्षं उलटली तेव्हा कुठे तो खुल्या बाजारात आला, आणि आल्या-आल्या फिलाडेल्फियाकडून पहिल्याच मोसमात २,००० यार्डांच्या पुढे धावला. तो अपवाद. बहुतेकांचे गुडघे-घोटे तोवर जाब विचारू लागतात. सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांहूनही कमी, असा आकडा खेळाडूंची संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. करार चार वर्षांचा आणि कारकीर्द त्याहून आखूड! नवोदित पगार ही सुरुवातीची पायरी आहे असं म्हणतात, पण पुष्कळ मुलांच्या बाबतीत जिना तिथेच संपतो.

ड्राफ्टमध्ये निवडच झाली नाही तर?

सात फेऱ्यांत साधारण अडीचशे खेळाडू निवडले जातात. उरलेल्यांना कुठल्याही संघाशी बोलता येतं. त्यांचा करार तीन वर्षांचा असतो आणि संघाला अशा सगळ्यांना मिळून किती साइनिंग बोनस देता येईल, त्यावरही मर्यादा आहे. तरी संघ निवडायचं स्वातंत्र्य मिळतं, ही लहान गोष्ट नाही. जिथे आपल्या जागी गर्दी कमी, तिथे जाता येतं. टोनी रोमो असाच, न निवडला गेलेला, डॅलसला आला होता.

खेळाडूला नाही म्हणता येतं का?

म्हणता येतं, पण मग त्या वर्षी खेळता येत नाही. पुढच्या ड्राफ्टमध्ये पुन्हा नाव जातं. बो जॅक्सननं १९८६ मध्ये टँपा बेला नकार दिला होता, पहिला क्रमांक असूनही. वर्षभर तो बेसबॉल खेळला, आणि १९८७ मध्ये रेडर्सनं त्याला सातव्या फेरीत घेतलं. बेसबॉलमध्येही तितकाच तरबेज होता म्हणून त्याला हे परवडलं. बाकीच्यांकडे दुसरा खेळ नसतो.

हे कायद्यात बसतं का? मुलांनी तर या करारावर सही केलेली नसते.

माझ्या मते पूलबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. अमेरिकेत मालकांनी परस्पर संगनमतानं पगार बांधले, तर स्पर्धाविषयक कायद्याचा भंग होतो. पण तीच अट कामगार संघटनेशी वाटाघाटी करून ठरली, तर न्यायालयं सहसा हात घालत नाहीत.

बास्केटबॉलमधल्या लिऑन वुडनं हे आव्हान देऊन पाहिलं. १९८४ ला फिलाडेल्फियानं त्याला निवडलं आणि कॅप भरल्याचं सांगून फक्त ७५ हजार डॉलरचा एक वर्षाचा करार पुढे केला. त्याचं म्हणणं, मी संघटनेत नव्हतो तेव्हाच माझा पगार बांधलात. १९८७ मध्ये अपील न्यायालयानं त्याला नाकारलं: नव्यानं कामावर येणाऱ्यालाही संघटनेनं केलेला करार लागू असतो. पुढे वुड त्याच लीगमध्ये पंच झाला. २००४ मध्ये मॉरिस क्लॅरेट हा फुटबॉलपटू ड्राफ्टमध्ये येण्यासाठीच्या वयाच्या अटीविरुद्ध न्यायालयात गेला, तोही हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

कायदा स्पष्ट आहे. तरी मला हे बोचतं. टेबलाच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला आधीच नोकरीत असलेले खेळाडू, आणि दोघांनी मिळून कापला तो खोलीत नसलेल्याचा पगार.

पण ते पैसे ज्येष्ठ खेळाडूंना मिळाले ना?

काही प्रमाणात. कॅप एकूण उत्पन्नाच्या ठरलेल्या हिश्शावर बांधलेली असल्यानं नवोदितांचे वाचलेले पैसे खेळाडूंमध्येच फिरतात. पण ते गेले कुठे ते बघा: बरेचसे दुसऱ्या करारावर आलेल्या बड्या क्वार्टरबॅककडे. आठ वर्षं इमानेइतबारे खेळलेल्या मधल्या फळीतल्या माणसाला उलट फटका बसला. त्याच्या जागी चार वर्षं स्वस्तात मिळणारा पोरगा असताना संघ त्याला कशाला ठेवेल? अपशॉंना हीच भीती होती.

नियम बदलण्याची शक्यता आहे का?

सध्याचा करार मार्च २०२० मध्ये १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला आणि २०३० च्या मोसमापर्यंत लागू आहे. मोसम १७ सामन्यांचा करण्याची मुभा त्यातच होती. पुढच्या वाटाघाटीत मालक १८ वा सामना मागणार, असं आत्ताच बोललं जातंय. सामना वाढवायचा असेल, तर बदल्यात चार वर्षांचा करार तीनवर आणा आणि दोन मोसमांनंतर पगार वाढवायची मोकळीक द्या, ही मागणी संघटनेनं धरून ठेवावी असं मला वाटतं. त्या पुढच्या सामूहिक करारावर मत देणारे आज लीगमध्ये असतील. त्याखाली पहिली सही करणारी मुलं आत्ता शाळेच्या मैदानावर सराव करतायत.